खिडकीचा बैल आणि आघाड्याचा काढा

शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू व्हायला गेलो तेव्हा साहेबांची खुर्ची रिकामी होती. शिपाई म्हणाला, "मागं हायेत. बैलाच्या पोटात हात हाय त्यांचा, जरा वेळ लागंल."

मी मागे गेलो. एक उंच, हडकुळा माणूस बैलाला टेकून उभा होता आणि त्याचा उजवा हात पार खांद्यापर्यंत बैलाच्या डाव्या कुशीत शिरलेला होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्याचा भाव. बैल आपला निवांत कडबा चघळत होता.

"बोलू नकोस," डोळे न उघडता ते म्हणाले, "लाट येतेय. आली... आली! काय सुंदर आली!"

मग त्यांनी हात बाहेर काढला, बादलीत धुतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नवा डॉक्टर ना? बाही वर कर."

हे माझे पहिले साहेब. नोकरीचा हुकूम त्यांनी चार दिवसांनी वाचला असेल, पण त्या बैलाच्या पोटात माझा हात त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत घालायला लावला. मुंबईच्या कॉलेजात कोठीपोटाच्या, म्हणजे गुरांच्या त्या पहिल्या मोठ्या पोटाच्या, आकृत्या मी रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या आणि त्यांना चांगले मार्कही पडले होते. पण आत ऊबदार, ओला चारा हाताला लागला आणि मग सगळं पोट एकदम आवळून माझं कोपर दाबून गेलं, तेव्हा मी घाबरून हात ओढला. साहेब लहान मुलासारखे हसले.

त्या बैलाला सगळा तालुका 'खिडकीचा बैल' म्हणायचा. त्यानं कधीतरी चाऱ्याबरोबर तार गिळली होती. मालकानं आशा सोडून तो बाजाराला काढला, तो साहेबांनी घेतला, पोट उघडून तार काढली आणि पोट शिवायच्या ऐवजी कडा कातडीला जोडून तिथं भोक कायमचं ठेवून दिलं. भोकाला ट्रकच्या टायरमधून कापून घेतलेलं रबरी बूच. बूच काढलं की खिडकी उघडली. हे सगळं कोणाच्या परवानगीनं, असं एकदा पुण्याहून आलेल्या वरिष्ठांनी दरडावून विचारलं. साहेबांनी त्यांनाच बाही वर करायला सांगितली. मोठे साहेबही माणूसच, त्यांनी हात घातला. लाट आली, त्यांनी दचकून हात ओढला आणि सैल पट्ट्याचं घड्याळ आत राहिलं. ते काढण्यात दुपार गेली, परवानगीचा विषय त्यातच बुडाला आणि पुन्हा कधी वर आला नाही.

साहेबांना माणसाच्या चेहऱ्यात रस नव्हता. जनावराच्या डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये जो खळगा असतो, त्याला भकाळी म्हणतात. त्या भकाळीत मूठ रुतवून उभं राहायचं आणि आतली लाट मुठीवर यायची वाट बघायची, हा त्यांचा नमस्कार. लग्नाला गेले तर मांडवात बसायच्या आधी वऱ्हाडाच्या गाड्यांचे बैल बघून यायचे. तहसीलदारांनी घरी जेवायला बोलावलं, तर यजमानांना पहिला प्रश्न, "पोट कसं चालतंय?" तोही इतक्या मोठ्यानं की बायकामंडळी उठून आत गेली.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून साहेब बरोबर आले. पोहे येईपर्यंत जागेवर बसले असते तरी पुष्कळ होतं, पण ते गोठ्यात गेले ते गेलेच. मुलगी आली, प्रश्न झाले, ती आत गेली, तरी साहेबांचा पत्ता नाही. शेवटी हात झाडत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घर चांगलं आहे. म्हातारी गाय आहे, पण पोट नीट चालतंय. म्हणजे इथं वेळेवर खायला घालतात. होकार देऊन टाक." मी दिला. ही गोष्ट माझी बायको आजही चारचौघांत सांगते आणि त्या गाईच्या ऋणाची मला आठवण करून देते.

आता आघाड्याकडे येतो. बांधावर, कुंपणाला, ओसाड जागी कुठेही उगवणारा आघाडा. त्याच्या तुऱ्याची बोंडं कपड्याला चिकटतात आणि घरी येईपर्यंत सोडत नाहीत. साहेबांच्या पॅंटला ती बारा महिने चिकटलेली असत. जनावराचं पोट बंद पडलं, रवंथ थांबला, की साहेबांचा एकच इलाज: मुळासकट उपटलेल्या आघाड्याचा काढा. परसातल्या चुलीवर तांब्याच्या घंगाळात तो उकळत असायचा आणि वहिनी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो, जावई जेवायला यायचेत, आज तरी वास नको." साहेबांचं म्हणणं, जावयालाही घोटभर दिला तर बिघडत नाही. स्वतः ते प्रत्येक घाण्यातला पहिला पेला प्यायचे. "मी जे पीत नाही ते बैलाला पाजत नाही," हे त्यांचं ब्रीद.

काढा पाजून झाला की मालकाला कामाला लावायचं. भकाळीत मूठ रुतवून गोल गोल चोळायचं, थोडं चोळलं की चालवायचं, चालवलं की पुन्हा चोळायचं. हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मालकाला हाताला काम दिलं नाही तर तो माझ्या डोक्यावर बसतो. दर घटकेला विचारतो, उठंल का हो, उठंल का हो. चोळू दे. काढा त्याचं काम करतो तोवर."

आणि काढा काम करायचाच. मी डोळ्यांनी बघत होतो. भीमेच्या दोन्ही काठांवर साहेबांच्या काढ्याचं नाव होतं. लोक तो घेऊन जायला कोरेगाव भीमापासून यायचे. साहेबांना मोह कसलाच नव्हता, फक्त एक इच्छा होती की हा काढा गावोगाव पोचावा. सुई आणि डॉक्टर जिथं पोचत नाहीत, तिथं आघाडा तरी पोचेल, असं ते म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळवा व्हायचा. म्हणून दौंडचे एक पेंडवाले शेठ हात जोडून आले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचा काढा आपण बाटल्यांत भरू, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त करू, बाटलीवर तुमचा फोटो," तेव्हा साहेबांनी कृती फुकट देऊन टाकली. शेठनी मागितलं होतं ते एकच: मुहूर्ताला येऊन चार शब्द बोला.

मी तेव्हा नवा होतो आणि नव्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "सर, एवढ्या गावांत जाणार आहे, तर एकदा ताडून बघू. एका बैलाला काढा द्यायचा, दुसऱ्याला त्याच रंगाचं गुळाचं पाणी. कोणाला काय ते तुम्हाला माहीत नको. तुम्ही फक्त पोट तपासायचं."

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते उलट खूश झाले. "बघ की! मीच जिंकणार. आणि जिंकलो की जन्मभर माझे आघाडे तू उपटायचे."

भाद्रपदातल्या पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्या दवाखान्याचा खरा हंगाम. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी लोक प्रेमानं इतकं खायला घालतात की बैल आडवा होतो. पुरणपोळ्या, भिजवलेलं धान्य, वर गूळ. पोटात सगळं आंबतं आणि कोठीपोट ठप्प. त्या सकाळी दुधाच्या गाडीबरोबर वडगाव रासाईहून निरोप आला की जोडी बसली आहे, लवकर या. साहेबांची फटफटी निघाली, मागे मी, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन तपकिरी बाटल्या आणि जास्तीच्या काढ्याचा डबा.

जोडी होती, पण मालक दोन होते. आप्पा हे तिथल्या बड्या भावकीतले बागायतदार. दुष्काळात त्यांचा एक बैल गेला होता आणि हरण्या एकटा उरला होता. किसन बौद्धवाड्यातला, स्वतःची थोडी जमीन कसून मजुरीला जाणारा. त्याच्याकडे लाल्या एकटाच होता. दोघांनी सावड केली होती. एकेक बैल आणून जोडी जुंपायची, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. पोळ्याच्या मिरवणुकीनंतर जोडी आधी आप्पांच्या दारात गेली, मग किसनच्या. आता गंमत बघा. आप्पांच्या घरच्यांना वाटलं, किसनच्यात गरिबी, तिथं काय पोटभर मिळणार, म्हणून त्यांनी दोन्ही बैलांना दुप्पट घातलं. किसनच्या आईला वाटलं, मोठ्या घरची माणसं ओवाळतात चांगलं पण घालताना हात आखडता, म्हणून तिनंही दोघांना दुप्पट घातलं, वर भिजवलेली बाजरी. दोन घरांची माया आणि दोन घरांचा संशय, सगळं बैलांच्या पोटात गेलं होतं.

लिंबाखाली हरण्या आणि लाल्या शेजारीशेजारी बसले होते. भकाळ्या फुगलेल्या, नाकं कोरडी. साहेबांनी दोघांच्याही कुशीत मूठ रुतवली, बराच वेळ थांबले आणि मान हलवली. आत सामसूम. आधी दोघांनाही खायचा सोडा पाण्यातून पाजला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकसारखी जोडी, एकसारखं खाणं. याच्यापेक्षा चांगली संधी नाही. पण मालकांना सांगूनच करायचं."

आणि त्यांनी खरंच सगळं सांगितलं. एका बाटलीत काढा आहे, एकीत गुळाचं पाणी. कोणाला काय मिळेल ते मलाही ठाऊक नाही, ह्या पोराला ठाऊक आहे.

आप्पांचा चेहरा लाल झाला. "म्हंजी आमच्यातल्या एकाला फसवायचं?"

"फसवायचं असतं तर सांगितलं असतं का आप्पा? सोडा दोघांना दिलाय. एकाला उठायला उशीर होईल, एवढंच. दुपार टळेपर्यंत उठला नाही तर त्यालाही काढा देतो, पुरेसा आणलाय."

"आन् तेवढ्यात गेला म्हंजी?"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "जाणार नाही. गेला तर माझा खिडकीचा बैल तुमच्या दावणीला."

 आप्पा आणि किसन, दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. ज्याचा त्याचा जीव ज्याच्या त्याच्या बैलात अडकलेला. किसनचा तर लाल्या गेला असता तर सावडच मोडली असती, आणि सावड मोडली की त्याचं रान पडीक. शेवटी तोच बोलला.

"आप्पा, आसं करू. तुमी माझा लाल्या चोळा, मी तुमचा हरण्या चोळतो."

"का रं?"

"आपापला धरला तर मनात येणार, पाणी त्याच्या बैलाला जाऊ दे. पोळ्याच्या पाडव्याला कशाला वाईट चितायचं?"

 आप्पांनी धोतर वर खोचलं आणि लाल्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. मी बाटल्या पाजल्या. मग सुरू झालं चोळणं. उठवून चालवलं, पुन्हा चोळलं. आप्पांसारखा माणूस, ज्याच्या घरी चहासुद्धा दुसरा ओततो, तो घामानं निथळत होता आणि लाल्याच्या कानाशी काहीबाही बोलत होता. किसन हरण्याला सोडत नव्हता.

ऊन डोक्यावर यायच्या आत लाल्यानं लांब ढेकर दिला. मग त्याच्या गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला आणि तो रवंथ करू लागला. हरण्यानंही केला, पण बऱ्याच वेळानं. लाल्यानं तोंड हलवताच साहेब ओरडले, "काढा! बघितलंस? काढा लागला!" आणि मला मिठी मारली. किसननं आप्पांचे पाय धरले, आप्पांनी त्याला उठवलं. मी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होतो, कारण मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे साहेबांनी फटफटी थांबवली. "बोल आता. लाल्याला काढाच ना?"

"सर, लाल्याला पाणी होतं."

 बांधावर आघाडा उभा होता, त्याचा तुरा तोडून साहेब हातात चुरत राहिले. मग म्हणाले, "एका जोडीवरून काही ठरत नाही." आणि फटफटीला लाथ मारली.

बरोबर होतं ते. एका जोडीवरून काही ठरत नाही, हे मीच त्यांना म्हणणार होतो. पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून खिडकीच्या बैलावर काम सुरू झालं. आदल्या रात्री धान्य जरा जास्त घालून पोट मंदावू द्यायचं, मग एक दिवस काढा, एक दिवस पाणी, भरायचं मी, हात घालायचा त्यांनी. कधी बाहेरून चोळायचं, कधी मुद्दाम चोळायचं नाही. पंधरा वर्षांत त्यांनी हे एकदाही केलं नव्हतं: काढा देऊन हात न लावता बसणं. ते बसणं त्यांना किती जड गेलं ते मी बघितलंय. मूठ आपोआप भकाळीकडे जायची आणि ते दुसऱ्या हातानं ती धरून ठेवायचे. दिवाळीपर्यंत शंका उरली नाही. काढा पाजून नुसतं बसलं की पोट जसंच्या तसं मंद. पाणी पाजून चोळलं, चालवलं, की लाट हाताला लागायची. मालकाला गुंतवायला म्हणून दिलेलं काम, तेच औषध होतं.

मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं असं नाही वाटलं, पण वाईट वाटलं. वहिनी म्हणाल्या, "दौंडला जाऊ नका. ताप आलाय असं कळवा." साहेब म्हणाले, "फोटो छापलाय माझा. तापाचं कारण फोटोला कसं चालेल?"

पाडव्याला शेठच्या दुकानापुढं मांडव होता. बाटल्यांचा डोंगर, प्रत्येकीवर साहेब बैलाच्या कुशीत मूठ रुतवून हसताहेत. आसपासच्या गावांतली बरीच माणसं जमली होती. आप्पा आणि किसन यांना साहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. कुठल्या बैलाला काय दिलं, हेही त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. नारळ फुटला. साहेब उभे राहिले, इस्त्रीचा बुशशर्ट, आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"मंडळी, ह्या काढ्यानं जनावराचं पोट चालत नाही."

शेठ हसले. त्यांना वाटलं, भाषणाची सुरुवात अशी गमतीनं आहे. साहेबांनी तेच पुन्हा सांगितलं, खिडकीच्या बैलाचं सगळं सांगितलं, आणि शेठचं हसू मावळलं. "अवो डॉक्टर, मग ह्या येवढ्या भरल्यात त्यांचं काय करू?"

"ओता आणि धुवा. रॉकेल ठेवायला बऱ्या आहेत."

गर्दीतून एकजण ओरडला, "आमच्या बैलाला गुण आलता की! डॉक्टर लाजत्यात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब जेवढं नाकारत, तेवढा त्यांचा मोठेपणा वाढत होता. असं संकट मी माणसावर आलेलं बघितलेलं नाही. शेवटी त्यांनी आप्पा आणि किसनला पुढं बोलावलं आणि पोळ्याची हकिगत लोकांना सांगितली. मग विचारलं, "आप्पा, तुमच्या मतानं काढा कोणाला होता?"

"लाल्याला. आधी उठला तो. माझ्या हरण्याला पाणीच आसंल, पन किसननं चोळून काढला त्याला."

"किसन, तू सांग."

किसन मान खाली घालून म्हणाला, "आता तुमी म्हन्ता काढ्यात काय न्हाई, तर मी काय सांगू. पर मला पयल्यापासून वाटतंय, पानी लाल्यालाच व्हतं."

साहेब माझ्याकडे वळले. "सांग रे."

मी सांगितलं, "लाल्याला नुसतं गुळाचं पाणी होतं. काढा हरण्याला."

 किसननं मान वर केली आणि आप्पांच्या हातांकडे बघितलं. मग शेजारच्यांनी बघितलं, मग त्यांच्या मागच्यांनी. भावकीतला तो दणकट म्हातारा नव्या नवरीसारखा लाजला आणि त्यानं हात उपरण्यात गुंडाळले. "मी काय केलं त्यात," तो पुटपुटला, "बैल किसनचा व्हता, जाऊ कसा द्यायचा?"

शेठच्या बाटल्या त्या दिवशी हलल्या नाहीत. लोक आप्पांना घेरून विचारत होते, मूठ कशी धरायची, किती दाबायचं, कुठून सुरू करायचं. आप्पा किसनला पुढं करत होते, किसन आप्पांना. साहेब एका बाजूला उभे राहून ते ऐकत होते. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले आणि नदी ओलांडेपर्यंत बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "वाईट वाटतंय रे. आघाडा खरा असता तर मला फार आवडलं असतं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.  मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

शिरूरच्या स्टँडवर उतरलो. ते घराकडे वळले, दहा पावलं गेले आणि भर रस्त्यात थांबून मोठ्यानं म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. चोळण्यानं होतं की चालवण्यानं, हे आपण अजून वेगळं केलेलंच नाही!"